पत्र्याखाली सत्त्याण्णव अंश

जांब्यात नथूची चार मजली इमारत आहे आणि तिच्यात हिंजवडीला कामाला जाणारी अठ्ठावीस बिऱ्हाडं भाड्यानं राहतात. प्रत्येक बिऱ्हाडाला एसी आहे. मालकाचा मुलगा किशोर मात्र गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. यात घरात कुणाला काही वावगं वाटत नाही. भाडं त्या खोल्यांचं येतं, किशोरचं येत नाही.

किशोर लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. त्यासाठी त्यानं एकेक भाग निवडून स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडला आहे. आत पाण्यावर चालणारा कूलर, त्याचा तीन पंख्यांचा रेडिएटर, आणि प्रोसेसरवर लावायची पेस्ट, जी तो आई देवाला गंध लावते त्याहून जपून लावतो. जमीन विकली तेव्हा भावानं गाडी घेतली, यानं हे घेतलं. गाडी निदान दारात दिसते.

सगळं कापून-जोडून झालं की शेवटी त्याची एक सलग फाईल करावी लागते. त्याला रेंडर म्हणतात. सात तासांच्या लग्नाच्या रेंडरला अकरा तास लागतात. सकाळी नऊपर्यंत इमारतीत गीझर चालतात, संध्याकाळी सातनंतर एसी, आणि तेव्हा व्होल्टेज असं पडतं की कॉम्प्युटर मान टाकतो. वीज धड असते ती भाडेकरू ऑफिसात असताना. म्हणजे दहा तास, आणि नेमके तेच दहा तास पत्रा तापतो. तुकडे करून रेंडर केलं तर जोडावर सनई तुटायची. मशीन खाली घरात आणावं, तर त्या पंख्यांच्या आवाजात नथूला टीव्हीवरची भांडणं ऐकू येत नसत.

म्हणून ओव्हरक्लॉक. प्रोसेसरला कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं. साडेनऊ तासांत काम होईल, असा किशोरचा अंदाज होता. अंदाजात एप्रिल धरलेला नव्हता.

त्यात गावातल्या वाल्मीकच्या मुलीचं, शुभांगीचं लग्न झालं. गुरुवारी लेक-जावई यायचे होते, आणि भावकीला बोलावून मांडवात पडद्यावर लग्न दाखवायचं ठरलं होतं. नथूनं जेवता जेवता निकाल देऊन टाकला.

"मागच्या तीन लग्नांचं लोक मलाच इचारत्यात. ह्यो पिक्चर येळेवर दिलास तर ऱ्हाऊ दे तुजा पत्रा. न्हाई तर तितं दोन खोल्या काढतो."

"देतो की."

"मागल्या टायमाला बी हेच बोलला हुतास."

सोमवारी दुपारी दीड वाजता प्रोसेसर सत्त्याण्णव अंशांवर गेला आणि मशीन आपणहून बंद झालं. मंगळवारी किशोरनं पत्र्यावर गोणपाटं अंथरली आणि टाकीतून नळी लावून ती भिजवत ठेवली. मशीन अडीचपर्यंत टिकलं. टाकी बारालाच रिकामी झाली होती. भाडेकरूंच्या ग्रुपवर मालकाच्या नावानं इंग्रजीत संदेश आले. नथूनं ते वाचले नाहीत, पण किती आले ते पाहिलं.

बुधवारी किशोरनं वेग पुन्हा कंपनीच्या आकड्यावर आणला. मशीनचा वेळ कमी करता येत नव्हता, तेव्हा लग्न कमी करणं भाग होतं. पण लग्नात कापायचं काय? हळद, अक्षता, पाठवणी कापता येत नाही. उरले सत्कार. मांडवात दोनशे बारा माणसांना फेटा, शाल, श्रीफळ दिलं होतं आणि प्रत्येकाचं नाव माइकवर दोनदा घेतलं होतं. आमदारांना हात लावायची सोय नव्हती. सरपंच, व्याही, सोसायटीचे चेअरमन, मामाकडचे सगळे ठेवावे लागले. कुणाला कापलं तर चालेल, याचा किशोरनं पुष्कळ विचार केला. शेवटी त्यानं शेजारपाजारचे आणि तोंडावर जाब विचारणार नाहीत असे साठ जण काढले. त्यात पहिला नथू. घरचाच माणूस, समजून घेईल.

रेंडर संध्याकाळी पावणेसातला पुरं झालं. एकदाही अडकलं नाही. किशोरनं पंख्यांवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

गुरुवारी नथू इस्त्रीचे कपडे घालून वाल्मीककडे गेला. पुढच्या रांगेत बसला. पाच तासांहून अधिक वेळ तो पडद्याकडे बघत होता. मधे जेवायला उठला नाही, तेवढ्यात आपलं येऊन जायचं म्हणून. घरी आला तेव्हा किशोर ओट्यावर उभा होता.

"दिला ना येळेवर?"

"दिलास. वाल्मीक लई खूश हाय." नथूनं चपला काढल्या. "धोंडिबाच्या बारक्याचा बी फेटा दावला. माजा कुटं गेला?"

"दादा, तुमचा हाय माझ्याकडं. तो घालून फाईल परत करून देतो."

"आता कुणाला? समद्यांनी बघितलं."

एवढं बोलून तो झोपायला गेला.

रविवारी मिस्त्री गच्चीवरच्या दोन खोल्यांचं माप घ्यायला आला आणि सोमवारी पत्रे उतरले. मशीन दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची किशोरची तयारी नव्हती, म्हणून त्यानं ते स्वतःच उचलून जिन्यानं खाली आणलं. दुसऱ्या मजल्यावर एका भाडेकरणीनं दार उघडलं. त्याच्या कडेवरचे पंखे आणि नळ्या बघून तिला हायसं वाटलं.

"भैया, एसी के लिए आए हो ना? बिलकुल ठंडा नहीं कर रहा."

किशोरनं मशीन पायरीवर टेकवलं, कठड्याला लागणार नाही इतकं सरकवलं, आणि आत गेला. जाळी काढून बघितली. धूळ होती. बाथरूममध्ये नेऊन त्यानं ती जाळी धुतली, झटकली, बसवली.

"अब चलेगा," तो म्हणाला. दर पंधरा दिवसांनी साफ करायला हवी, हेही सांगितलं. तिनं त्याचा नंबर घेतला.