गप्प बसण्याची मुदत

आमच्या पाड्यावर कुणी कुणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला, भात आणि नागली पिकवणारी आमची थोडीशी घरं आहेत. बैठकीत कुणी एखादी गोष्ट मांडली आणि ती पटली, तर एखादा म्हातारा "होऊ द्या" म्हणतो आणि विषय संपतो. पटली नाही, तर सगळे गप्प बसतात. कुणी काडीने जमीन उकरतो, कुणी आपल्याच पायाच्या नखाकडे बघत राहतो, आणि जरा वेळाने कुणीतरी विचारतो, "तुझ्या भातावर करपा पडलाय का रे?" मांडणारा काय ते समजतो. तोही करप्याबद्दल बोलायला लागतो, चहा पितो आणि घरी जातो.

माझ्या मावशीला बघायला पाहुणे आले होते तेव्हा आजोबा असेच गप्प बसले होते. पाहुणे चहा पिऊन गेले. ती दोन घरं आजही एकमेकांच्या लग्नाला जातात, कारण नकार कुणी दिला नाही आणि कुणी ऐकलाही नाही. मूकसंमती हा शब्द मी पुढे वर्तमानपत्रात वाचला तेव्हा मला तो छापताना झालेली चूक वाटला होता.

हे सगळं डोक्यात घेऊन मी युरोपात परराष्ट्र धोरण शिकायला गेले. शिष्यवृत्ती मिळाली होती, दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. मावशीने जाताना विचारलं, "नाक्याच्या पलीकडे गुजरात आहे, या बाजूला दादरा नगर हवेली आहे, एवढी परराष्ट्रं कमी पडली का तुला?" ती थट्टा करत होती, पण सोमवारच्या बाजारात तीन भाषांत भाव करणाऱ्या बाईला ती थट्टा शोभत होती.

त्या शहराचं आणि तिथल्या माणसांचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या चर्चांचा एक नियमच आहे की खोलीत काय बोललं गेलं ते बाहेर सांगायला हरकत नाही, कोण बोललं ते मात्र सांगायचं नाही. मला तो नियम आवडला. माणूस नावाच्या ओझ्याशिवाय खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर नावाशिवाय माणसं बरंच काही बिनबुडाचंही बोलतात, पण ते असो.

तिथे परराष्ट्र धोरण शिकवतात म्हणजे बहुतेक वेळ भांडायला शिकवतात. मला वाटलं होतं इतिहास असेल, नकाशे असतील, तह असतील. ते होतंच, पण सगळा भर वादावर. आज तुम्ही निर्बंध लावावेत या बाजूने बोललात, की उद्या तुम्हालाच लावू नयेत या बाजूला उभं करायचे. माझ्या शेजारी बसणारी मुलगी सकाळी इतकी तावातावाने बोलायची की मला वाटायचं हिचं घरदार जळतंय. दुपारी ती सूप पिताना सांगायची की यातलं तिला स्वतःला काहीच पटत नाही. मला आधी हे ढोंग वाटलं. मग वाटलं, दुसऱ्याचं म्हणणं इतकं जीव तोडून मांडायचं तर ते आधी नीट ऐकावं लागतं.

संध्याकाळी व्याख्यानं असायची. चार-पाच तज्ज्ञ एका रांगेत बसायचे, प्रत्येक जण "माझे तीन मुद्दे आहेत" म्हणून सुरुवात करायचा आणि पाचव्या मुद्द्यावर त्याचा वेळ संपायचा. प्रश्नोत्तरांत एखादे गृहस्थ उठून स्वतःच एक व्याख्यान द्यायचे. भारत बहुतेक वेळा एका वाक्यात येऊन जायचा. मग कुणीतरी माझ्याकडे वळून विचारायचं, तुमच्या भागात याबद्दल काय मत आहे? माझा भाग म्हणजे तलासरी. तिथे त्या दिवशी बहुधा सुकटीच्या भावाबद्दल मत असेल, असं मनात यायचं, पण मी काहीतरी शहाण्यासारखं बोलून वेळ मारून न्यायचे.

आणि मग तो मोठा खेळ आला. दरवर्षी वर्गात सगळ्यांना एकेक देश वाटून देत आणि युरोपच्या मंत्र्यांची खोटी बैठक भरवत. देश कुणालाच स्वतःचा मिळत नसे. मला समुद्र नसलेला एक छोटा देश मिळाला. दूरच्या एका देशात निवडणुका नीट झाल्या नव्हत्या, त्यावर सगळ्यांनी मिळून निवेदन काढायचं होतं. परराष्ट्राच्या बाबतीत त्यांच्याकडे बहुतेक निर्णयांना सगळ्यांचा होकार लागतो. एक अडला की सगळे अडले. त्यामुळे 'चिंता' म्हणायचं की 'गंभीर चिंता' यावर आमची आख्खी सकाळ गेली. माझ्या देशाचा त्या दूरच्या देशाशी बराच व्यापार होता, म्हणून मला साधी 'चिंता' हवी होती. संध्याकाळी अध्यक्ष झालेल्या मुलाने मसुदा पाठवला. त्यात 'गंभीर'च होतं. खाली लिहिलं होतं की उद्या दुपारपर्यंत मौनाची मुदत आहे.

मौनाची मुदत! मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, यांच्यातही पद्धत आहे तर. मी ठरवलं की माझा देश गप्प बसणार. आणि मी अगदी मन लावून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिताना त्या सूपवाल्या मुलीने विचारलं, "तुमचं काय? मसुदा चालेल ना?" मी कपात बघत राहिले आणि जरा वेळाने म्हटलं, "आज वारा फार आहे, नाही?" आमच्याकडे याहून कडक शब्दांत नकार देता येत नाही. मला तर जरा जास्तच झालं असं वाटलं.

दुपारी अध्यक्षाने जाहीर केलं की निवेदन सर्वानुमते मंजूर झालं. टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "पण मी नकार दिला होता!"

"कधी?"

"कालपासून. सतत."

वर्ग हसून हसून आडवा झाला. त्यांच्याकडची मौनाची मुदत म्हणजे तोवर कुणी तोंड उघडलं नाही तर सगळ्यांचा होकार धरतात. हे आम्हाला दिलेल्या कागदात होतं, मी वाचलंही होतं, पण वाचलेलं अंगात कुठे उतरतं? माझे कान तापले. आमच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. उंच, सडपातळ बाई, कधीकाळी खरोखरच्या बैठकांत बसलेल्या. त्यांनी मला पुढे बोलावलं आणि आमची पद्धत सगळ्यांना सांगायला लावली. मी करपा, काडी, पायाची नखं, सगळं सांगितलं. मग त्यावरच वाद झाला. एक जण म्हणाला, यात लहानांचा आवाज दबतो. दुसरी म्हणाली, उलट आपल्याच पद्धतीत दबतो, कारण झोपी गेलेलाही होकारात मोजला जातो. शेवटी बाई एवढंच म्हणाल्या, "नकार द्यायचा तर बोलून द्या, आणि त्याबरोबर कारण द्या. कारण दिलं की समोरच्याला काहीतरी बदलता येतं." हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही, पण ते माझ्या डोक्यात बसलं.

मी 'नाही' म्हणायला शिकले. इतकी शिकले की परत आल्यावर मावशीने तिसरी भाकरी वाढायला घेतली तेव्हा मी चटकन "नको, पोट भरलं" म्हणून मोकळी झाले, आणि तिने ते दोन महिने मनात धरलं.

आता मी डहाणूत खोली घेऊन राहते आणि जवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. तो बैठकीचा खेळ मी इथेही घेते. नरपडची, मासेमारी करणाऱ्या घरातली एक मुलगी गेल्या वर्षी समुद्र नसलेला देश होऊन बसली आणि अशी भांडली की मला हात टेकावे लागले. काम मला आवडतं. पण मला पुढे संशोधन करायचं होतं, ते इथल्या कामात जमत नव्हतं, आणि यंदा त्याच शहरातून बोलावणं आलं. चार वर्षांसाठी. मला जायचं होतं, हे आधीच सांगून टाकते. आणि बाबांनी 'होऊ द्या' म्हटल्याशिवाय मी जाणार नव्हते, हेही तितकंच खरं. मी एकुलती एक आहे. बाबांचे गुडघे आता उतारावर बोलतात.

दिवाळी झाली होती, भात कापून खळ्यावर आलं होतं. मी शनिवारी बसने चारोटीपर्यंत गेले आणि पुढे विवळवेढ्यावरून जीपने घरी. बाबा भारे रचत होते, आई सूप घेऊन पाखडत बसली होती. मी सगळं सांगितलं. चार वर्षं, शिष्यवृत्ती, मध्ये एकदा सुट्टीत येता येईल, सगळं. बाबांनी भारा खाली ठेवला. काडी उचलली. जमीन उकरली. मग आभाळाकडे बघून म्हणाले, "ढग दिसतात. पेंढा भिजंल काय?"

मी मुकाट्याने पेंढा आत न्यायला लागले. नकार मिळाला होता. आईने माझ्याकडे बघितलं नाही.

पुढचा आठवडा वाईट गेला. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. बाबांचा नाही, पद्धतीचा. ज्या गप्प बसण्याचं मी परक्या लोकांपुढे इतकं कौतुक केलं, ते माझ्या वाट्याला आलं तेव्हा मला ते सहन होईना. नकार कळत होता, पण त्यात धरायला काही नव्हतं. त्यांना पैशाची काळजी होती, गुडघ्यांची होती, की माझं लग्न राहून जाईल याची? कशाला उत्तर द्यायचं? होकार की नकार ते महिनाअखेर कळवायचं होतं. मी पुढच्या रविवारी पुन्हा घरी गेले.

बाबा खळ्यावरच होते. मी शेजारी बसले आणि त्यांना तो वर्गातला किस्सा सांगितला. तो मी घरी कधी सांगितलाच नव्हता, आपली फजिती कोण सांगतं? बाबा ऐकता ऐकता हसायला लागले, ठसका लागेपर्यंत हसले.

"कालपासून तू 'नाय' बोलतेस, वाऱ्याचं पण बोललीस, तरी त्यांना कळलं नाय?"

"नाही ना."

"मंग एवढे शिकलेले कसले? आपल्याकडं लहान पोराला पण कळंल."

"बाबा," मी म्हटलं, "मला तुझं कळलंय. तू 'नाय' बोललास, ते मला त्याच दिवशी कळलं. पण का ते नाय कळलं. मी आता तिकडची झालेय थोडी. तोंडानं सांग मला."

त्यांचं हसू गेलं. ते एकदम चिडले. "तोंडानं सांगायची गोष्ट हाय काय ही? तोंडानं 'नाय' बोललो तर तू जाशील कशी?"

लहानपणापासून मी गप्प बसण्याचा एकच अर्थ धरून चालले होते. बाबांनी नकार दिला होता आणि त्याच वेळी तो माझ्या पायात येऊ नये म्हणून तोंडातच ठेवला होता.

"तरी सांग," मी म्हटलं.

त्यांनी काडी उचलली. मला वाटलं, आता पुन्हा ढग येणार. मग ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "मागल्या वेळी तू गेलीस तवा घरात आवाज नव्हता. तुझ्या आईला माझं सगळं कळतं, मला तिचं कळतं. बोलायला काय लागतच नाय. दिवस दिवस आम्ही बोलायचो नाय. तू आलीस की तुला काय कळत नाय, सगळं इस्कटून सांगायला लागतं, तू उलटं बोलतेस, मंग मी बोलतो. माझं तोंड तुझ्यामुळं चालतं. चार वर्षं म्हणजे मी मुका होईन."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझ्याकडे सगळ्या कारणांची उत्तरं तयार होती. पैशाचं होतं, गुडघ्यांचं होतं, लग्नाचंही होतं. याचं नव्हतं. मी म्हटलं, "रोज फोन करीन," आणि ते म्हणतानाच मला ते किती तोकडं आहे ते कळलं. आईने सुपातलं भात पाखडायचं थांबवलं होतं.

"मग मी नाही जात," मी म्हटलं. मी ते मनापासून म्हटलं होतं.

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "मी तसं नाय बोललो," ते म्हणाले. "माझी ना हाय. तोंडानं सांगतो, ना हाय. ती ऐकून घे, नी जा."

मी खळ्यावर बसून मोठ्याने रडले. बाबांनी मला रडू दिलं आणि कुठलाच दुसरा विषय काढला नाही.