झटकमावशीची पिशवी

अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करण्यात मावशीचं आयुष्य गेलं. हात हलका, जीभ तिखट. पगारही बरा; कचेरीत शिपाई असलेल्या धाकट्या भावापेक्षा चार पैसे जास्तच. पण भाऊ संध्याकाळी कुणाला काही न दाखवता घरी येई, आणि मावशी मात्र निघताना, कुणी म्हणायच्या आत, दारात पिशवी उलटी करून झटकी. डबा, फणी, जपमाळ. "बघून घ्या बाई, मागून बोल नको." म्हणून तिचं नाव पडलं झटकमावशी.

"ताई, आता आपण काय गरीब आहोत का?" भाऊ चिडे.

"तुझ्या साहेबांचं घड्याळ हरवलं तर घड्याळ शोधतात. मी असते तिथे आधी माझ्या कमरेला हात घालतात."

नव्या घरी एका म्हातारीला सांभाळायचं होतं. तिची वाचा गेलेली. सूनबाईने पहिल्याच संध्याकाळी पिशवी उलटी करू लागलेल्या मावशीचा हात धरला. "अहो मावशी, इथे असलं काही करायचं नाही. आमचा विश्वास आहे तुमच्यावर."

मावशीला ते खटकलं. ओळख ना पाळख, आणि विश्वास? झडती नाही म्हणजे उद्या साक्षही नाही.

तिसऱ्या दिवशी चादर झटकताना काहीतरी टणकन पडलं. पलंगाच्या पायामागे सोन्याची अंगठी. मावशीने आधी दाराकडे पाहिलं. दार अर्धवट उघडं. 'ही मुद्दाम टाकलेली दिसते!' मागे एका घरी साबणाच्या डबीत नोट ठेवून तिची परीक्षा घेतली होती. उचलावी तर चोर ठरणार. द्यावी तर म्हणतील, हिलाच बरी सापडली! 'देवा, तू बघतोयस,' म्हणत तिने चादर अंथरली. अंगठी तिथेच राहिली.

दुपारी म्हातारी आपलं रिकामं बोट चाचपू लागली. मग रडू लागली, घास घेईना. घर उलटंपालटं झालं. सूनबाईने सगळ्यांना विचारलं, एकट्या मावशीला नाही. 'मलाच का वगळलं?' मावशीचा संशय आणखी घट्ट झाला.

दुसऱ्या दिवशीही म्हातारी तोंड उघडेना. चमचा पुढे केला की मावशीचंच बोट धरून चोळत बसे, जणू हरवलेलं तिथे सापडेल. पेज सांडली.

"वहिनी," तिने हाक मारली, "पलंगाच्या पायामागे बघा. काल दिसली होती."

सूनबाईने वाकून अंगठी काढली. "काल? मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्हीच ठेवली असेल."

"मी? कशाला?"

मावशीने अंगठी तिच्या हातातून घेतली. सैल झालेल्या अंगठीला दोरा गुंडाळून तिने ती म्हातारीच्या बोटात घट्ट बसवली. म्हातारीने आ केला. वाटी संपली.

संध्याकाळी मावशी दाराशी थबकली. सूनबाई समोरच उभी होती. मावशीने पिशवी उलटी केली. डबा, फणी, जपमाळ.

या वेळी सूनबाईने हात धरला नाही. डबा घरंगळत गेला, तिकडे तिची नजरही गेली.

मावशीने एकेक वस्तू उचलून पिशवीत भरली. "येते, वहिनी. उद्या पेज जरा पातळ करा."