राखणदार

दुपारी माहेरी गेले, तर बाबांनी जाळीच्या दारातून मला निरखून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

"अहो, सुमी आहे, उघडा!" आई आतून ओरडली. बाबांनी कडी आणखी घट्ट धरली.

डॉक्टर म्हणाले होते, मेंदूत राखणदार पेशी असतात. त्या कचरा उचलतात, जंतू मारतात. या आजारात त्याच बिथरतात आणि घरच्यांवर उठतात. चांगल्या पेशींमधले धागे तोडत सुटतात. संताप येतो. ज्यांच्या भरवशावर माणूस जन्मभर निर्धास्त राहिला, त्यांनीच घात करावा? बाहेरून कोणी आलं असतं, तर निदान त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

आजोबांचंही असंच झालं होतं. "थोडं रक्तातून येतं," डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण येईलच असं नाही."

शेवटी आईनं दार उघडलं. संध्याकाळी निघताना मी ते ओढून घेतलं आणि नीट लागलं का, म्हणून दोनदा ढकलून पाहिलं. आतून बाबाही तेच करत होते. लहानपणी आमची ही सवय बघून सगळे म्हणायचे, "पोरगी अगदी बापावर गेलीय."

किती आवडायचं मला ते!