‘लय बाहेर आल्यात, आत घ्यायला पायजे’

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. लासुर्ण्याजवळ उसात कलंडलेली ती जीप आठवली, की मला अपघातापेक्षा एक जेवणाचा डबाच आधी आठवतो.

मी तेव्हा इंदापूर तालुक्यात पोलीस ठाण्यात होतो. चालत्या जीपचं पुढचं चाक निखळलं आणि चालवणाऱ्या मालकाचा पाय मोडला. चाकं रुबाबात बाहेर दिसावीत म्हणून त्याने स्पेसर, म्हणजे चाकामागे बसवायच्या जाड चकत्या, टाकल्या होत्या. सकाळी खबर आली, की नट मालकाच्या पणदरे गावातल्या चुलतभावाने ढिले केले. तो जळतो, टपरीवर चारचौघांत म्हणाला, ‘लय बाहेर आल्यात, आत घ्यायला पायजे.’ जीपमालक आणि त्याचा सख्खा भाऊ लय शेफारल्यात, त्यांना धडा शिकवायला पायजे, असा अर्थ खबऱ्याने लावला.

चुलतभावाला आणलं. जबाब घेताना त्याने सासुरवाडी कऱ्हाटी सांगितली, बायकोचं नाव सांगितलं, आणि माझा पेन थांबला. नोकरी लागली तेव्हा मी तिला पाहायला गेलो होतो. बदलीची नोकरी नको, म्हणून तिच्या घरच्यांनी नकार दिला होता. दिली ती याला.

“साहेब, मी चाकांचं बोललो,” तो म्हणाला. “माझ्या गाडीला बी टाकलं हुतं. बेअरिंग गेलं, ष्टेरिंग थरथरायला लागलं, काढून टाकलं. त्याला म्हणलं, चाकं आत घे.”

खरं बोलत होता. तेवढ्यात मोटार वाहन निरीक्षकांचा फोन आला. चकती जाड आणि बोल्ट मूळचेच, आखूड, त्यामुळे नट जेमतेम आट्यांवर अडकले होते. कुणी ढिले करायची गरजच नव्हती. शिवाय परवानगी न घेता केलेला असा बदल बेकायदा, विमाही अडतो.

तो फोन मी कुणाला सांगितला नाही.

“भावाची गाडी तुला बघवत नव्हती, कबूल कर,” मी विचारतच राहिलो. विचारत त्याला होतो, लागत मला होतं.

दुपारी ती आली. मला ओळखलंही नाही. “ह्यांना उपाशी पित्त हुतं, साहेब. एवढं जेवू द्या.”

चौकशी संपू दे, म्हणालो. डबा माझ्या टेबलावर गार झाला. त्याला सोडलं ते दिवे लागल्यावर.

दवाखान्यात जीपमालकाने कबूल केलं, “व्हय, चाकं आत घे म्हणला हुता. मला वाटलं, जळतोय. पण तुमी दिसभर बसवला म्हंजी कायतरी असंलच की.”

तेव्हाही मी गप्प राहिलो. कागदोपत्री तो सुटला, पण दोन्ही घरं आजही एकमेकांच्या कार्याला जात नाहीत.

संशयिताच्या मनात काय आहे, हे शोधायला मला शिकवलं होतं. विचारणाऱ्याच्या मनात काय आहे, ते मी तपासलंच नाही.

नट कुणी ढिले केले नव्हते आणि हे मला डबा येण्याआधीच कळलं होतं, एवढं त्या दोन्ही घरांसमोर, तिच्यादेखत, मला सांगायचं आहे. ते मी अजून देणं लागतो.