हरिबाच्या हातातलं कॅनबेरा

म्हाळू भालेराव आणि हरिबा टेळे दोघंही खुटबावचे, दोघंही पंचाहत्तरीचे. लहानपणी हरिबा माळावर बापाची मेंढरं वळायचा आणि शाळा सुटली की म्हाळू त्याच्याकडं जायचा. त्या काळी टेळ्यांच्या वस्तीवर म्हाळूच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जायचं. माळावर मात्र दोघं कोरून वाळवलेल्या एकाच भोपळ्याला तोंड लावून पाणी प्यायचे, आणि हे दोघांनीही घरी कधी सांगितलं नाही.

त्या माळावरून अधूनमधून लोहगावचं एक विमान जायचं. इतकं खालून की कान बसायचे. मेंढरं चहूकडं उधळायची आणि हरिबाला त्यांच्यामागं पळावं लागायचं. म्हाळू मात्र जागच्या जागी मान वर करून उभा. मेंढरं गोळा करून, धापा टाकत हरिबा परत यायचा आणि विचारायचा, "कसं व्हतं रं?"

म्हाळू दोन्ही हात पसरून दाखवायचा. हरिबाला तेवढंच कळायचं. विमान इतक्यांदा डोक्यावरून गेलं, पण त्यानं ते कधी धड पाहिलंच नाही.

अठराव्या वर्षी म्हाळू हवाईदलात भरती झाला. विमानाचा पत्रा, पंख, दारं यांची देखभाल करणारा फिटर. त्याच्या वाट्याला नेमकं तेच विमान आलं. कॅनबेरा, दोन इंजिनांचं बाँबफेकी विमान. वीस वर्षं नोकरी करून तो परतला, रांजणगावच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला लागला आणि साठीनंतर गावी येऊन राहिला. तोवर हरिबानं मेंढरं विकून ऊस आणि कांदा धरला होता. सकाळी म्हाळूच्या पडवीत दोघांचा चहा ठरलेला. पाच वर्षांपूर्वी काचबिंदूनं हरिबाची नजर गेली. चहा चालूच राहिला, फक्त आता म्हाळू त्याला आणायला जायचा.

म्हाळूचा मुलगा धम्मदीप शिरूरला राहतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं मोबाइलवर एक फोटो आणून दाखवला. कुठल्याशा गोदामात गंजत पडलेलं एक कॅनबेरा दुरुस्त करून, नवा रंग देऊन एका संग्रहालयात ठेवलं होतं. म्हाळूनं फोटो तीन-तीनदा मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "हरिबाला घेऊन जाऊ."

"त्यांना काय दिसणार, आबा?"

"हात लावील की."

धम्मदीपच्या गाडीतून तिघं गेले. विमान उन्हात झळकत होतं. पण भोवती दोर होता आणि दोराला पाटी होती, हात लावू नका. म्हाळूनं पहारेकऱ्याला समजावलं, फिटर असल्याचं जुनं ओळखपत्र दाखवलं. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाबा, एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागतं."

हरिबा दोराला धरून उभा होता. तोंड मात्र विमान सोडून भलत्याच बाजूला वळलेलं. म्हाळूनं त्याच्या खांद्याला धरून त्याला नीट वळवलं.

"केवढं हाय?" हरिबानं विचारलं.

"ह्या टोकापासून त्या टोकापतोर चौसष्ट फूट."

"म्हंजी आपल्या देवळाच्या सभामंडपाएवढं?"

"जास्तच."

परतीच्या वाटेवर वरवंडला चहाला थांबले तेव्हा हरिबा म्हणाला, "जाऊ दे म्हाळ्या. वास आला मला त्याचा. नव्या रंगाचा." तो हे समजूत काढायला बोलला, आणि म्हाळूला तेच जास्त लागलं. विमान बघणं पुन्हा एकदा म्हाळूच्याच वाट्याला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी म्हाळूनं वही घेऊन हिशेब मांडला. फुटाला अर्धा इंच. चौसष्ट फुटांचे बत्तीस इंच. माणसाच्या दोन हातांत मावेल असं. दौंडच्या एका सुताराकडून त्यानं शिवणीच्या लाकडाचा ठोकळा आणला. रांजणगावच्या एका वर्कशॉपमधून धम्मदीपनं पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे तुकडे मिळवले आणि गुरुवारी सुट्टीला न्हावऱ्याच्या रस्त्यानं मोटरसायकलवर घेऊन आला. पडवीच्या कोपऱ्यात लाकूड पकडायचा लोखंडी व्हाइस बसला.

काम आठ महिने चाललं. पहिलं धड वाकडं निघालं, ते चुलीत गेलं. पंख तीनदा केले. नकाशा नव्हता. फोटो होते, पण म्हाळू फोटो क्वचितच बघायचा. डोळे मिटून तो हवेत हात फिरवायचा आणि मग कानस उचलायचा. त्याची बायको ललिता हे बघून हसायची. "तुमचे हात अजून डूटीवरच हायेत," म्हणायची. हरिबाला त्यानं काही कळू दिलं नाही. व्हाइसचा आवाज ऐकून हरिबानं विचारलं, तर "पंपाचं काम हाय" म्हणून टाळलं.

मागच्या फाल्गुनात एका सकाळी चहा झाल्यावर म्हाळूनं ते हरिबाच्या मांडीवर ठेवलं.

"काय हाय रं?"

"बघ."

हरिबानं आधी सगळं चाचपलं, भीत भीत. मग सावकाश नाकापासून सुरुवात केली. कुणी विकत न्यायला आलं की कोकराच्या पाठीवरून तो असाच हात फिरवायचा, वजन बघत. पंखांवर बोटं गेली आणि थांबली. "हे दोन माठ कशाचे, पंखाच्या पोटात?"

"इंजनं."

"व्हय, व्हय. तोच आवाज." तो हसला. बोटं पुढच्या बाजूला गेली. "आन् हे टेंगूळ एका अंगाला का?"

"पायलट तिथं बसतो. डावीकडं. काच हाय ती. दुसरा खाली नाकात, वाट सांगणारा."

"मंग बाकीची माणसं?"

"दोघंच."

हरिबाचा हात धडाखाली गेला. पुढून मागं, मागून पुढं. "येवढं मोठं पोट आन् माणसं दोनच. पोटात काय मंग?"

म्हाळूनं कपबशा बाजूला सरकवल्या.

"बाँब व्हय?" हरिबानं विचारलं. "तू बाँबवालं म्हणालाच व्हतास. पण मंग दार कुठं हाय? बाहीर कुठून पडत्यात?"

दार नव्हतं. संग्रहालयातल्या विमानाचं पोट बंद होतं आणि म्हाळूनं तसंच, गुळगुळीत, बंद केलं होतं. फोटोत दिसत नाही म्हणून दार केलं नाही, असं त्यानं सांगून बघितलं. पण आंधळ्या माणसासाठी केलेल्या विमानाला फोटोचं कारण देताना त्याची त्यालाच लाज वाटली. फोटो बघून त्यानं बाकी काय केलं होतं?

"ती दारंच माझ्याकडं व्हती, हरिबा," तो शेवटी म्हणाला.

मग तो बोलायला लागला. एकाहत्तरच्या लढाईत तो एकवीस वर्षांचा होता. संध्याकाळी विमानं निघायच्या आधी दुसरी टोळी बाँब चढवायची. दारं नीट मिटतात, नीट उघडतात, हे बघायचं काम म्हाळूचं. सगळं ठीक असलं की तो विमानाखालून बाहेर यायचा आणि अंगठा वर करायचा. एका संध्याकाळी गेलेलं एक विमान आलं नाही. त्यातला वाट सांगणारा जाताना रोज म्हाळूच्या हातावर पेपरमिंट ठेवायचा. पुढं कितीतरी दिवस म्हाळूला वाटायचं, दार अडकलं असेल का? माझ्याकडून काही राहिलं असेल का?

"आन् जी आली परत," तो म्हणाला, "ती रिकामी यायची. मी पोटात डोकं घालून बघायचो. सगळं बरूबर पडलं, दारं चांगली चालली, शाबासकी मिळायची. खाली कोण व्हतं, कवा इचारलं न्हाई. आता पुनवेला विहारात पंचशील म्हणताना पहिल्याच ओळीला, जीव घेणार न्हाई म्हणायचं तिथं, माझं तोंड मिटतं. लोकांला वाटतं म्हातारा विसरला."

हरिबानं विमान मांडीवर तसंच धरून ठेवलं होतं. "मी बी कोकरं दिली खाटकाला," तो हळू म्हणाला. "हातानं वाढवलेली. घरात कधी बोललो न्हाई त्यावर."

"कोकरू आन् माणूस एक न्हाई, हरिबा."

"न्हाईच," हरिबा म्हणाला.

ललिता दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. कपबशा उचलताना ती एवढंच म्हणाली, "पन्नास वर्षांत मला न्हाई सांगितलंत." म्हाळूनं वर पाहिलं, पण ती आत गेली होती. तीन-चार दिवस ती त्याचं ताट वाढून आत निघून जायची. पुढच्या पौर्णिमेला विहारात ती बायकांकडं न बसता त्याच्या शेजारी येऊन बसली. त्याचं तोंड मिटलं तिथं तिनं आपला आवाज थोडा चढवला.

तयार झालेलं विमान म्हाळूनं पुन्हा व्हाइसला लावलं. धडाच्या खाली करवत घालताना रंग उडाला, लाकडाला एक चीर गेली. दोन लांब दारं, आत बिजागऱ्या, आणि उघडझाप करायला एक बारीक कळ. तीन आठवडे लागले. हरिबानं दार उघडलं, तर्जनी आत घातली आणि चारी बाजूंनी फिरवली.

"रिकामं हाय."

"रिकामंच ठेवलंय."

हरिबानं दार मिटलं. विमान त्यानं घरी नेलं. त्याची बायको गिताबाई ते धान्याच्या कोठीवर ठेवते आणि कुणी आलं की हरिबा आधी पाहुण्याला डोळे मिटायला लावतो, मग हातात देतो.

संग्रहालयाच्या अधिकारी सुलक्षणाबाई यांच्यापर्यंत ही गोष्ट धम्मदीपच्या एका मित्राकडून पोचली. त्या स्वतः खुटबावला आल्या. हरिबाच्या घरी जमिनीवर बसून त्यांनी डोळे मिटून विमान चाचपलं आणि म्हणाल्या, "आम्हाला द्याल? ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी दोराजवळ ठेवू."

"हे न्हाई," हरिबा लगेच म्हणाला.

"दुसरं करून देतो," म्हाळू म्हणाला.

"फक्त पोट बंद ठेवा, आबा. मुलं बोटं घालतील, मोडेल."

"दारं राहतील, बाई. मोडली तर मी येऊन बसवून जाईन."

सुलक्षणाबाईंनी थोडा विचार केला. वरिष्ठांना विचारून कळवते म्हणाल्या. अजून त्यांचा फोन आलेला नाही, पण म्हाळूनं काम थांबवलेलं नाही. घासायचं काम आता हरिबाकडं आलं आहे. तो सकाळी चहा पितो, पॉलिश पेपर घेतो आणि पंखावर हात चालवत बसतो. म्हाळूला जिथं काम झालं असं वाटतं, तिथं हरिबाचं बोट थांबतं.

"हितं अजून खरबरीत लागतंय," हरिबा म्हणतो, आणि म्हाळू त्याला नवा कागद फाडून देतो.