दातवाल्यांवरचा आळ

कवळ्या बनवता बनवता त्यांचं खरं नाव कधी गळून पडलं, ते कुणालाच कळलं नाही. सगळे त्यांना दातवालेच म्हणत. एकटा जीव. नाद एकच, बंधुमंडळांच्या इतिहासाची जुनी पुस्तकं. गवंड्यांची, खलाशांची, विणकरांची मंडळं; शपथ घेऊन परक्याला भाऊ मानणारी, आजारी सभासदाला वाऱ्यावर न सोडणारी.

असलं वेड असलेला गावात आणखी एकच होता, घड्याळं दुरुस्त करणारा घड्याळजी. रद्दीच्या दुकानात दोघांनी एकाच पुस्तकाला हात घातला, कडाकडा भांडले, आणि त्याच भांडणातून मैत्री झाली. दर रविवारी घड्याळजींच्या माडीवर बैठक. सनावळ्यांवरून आवाज चढायचे. घड्याळजींची बायको, म्हणजे वहिनी, म्हणायच्या, "सवत कागदाची आहे म्हणून खपवून घेते!"

मग घड्याळजींना विसर पडू लागला. आधी नावं गेली, मग आपण जेवलो की नाही तेही. एका रविवारी ते दातवाल्यांकडे टक लावून बघत राहिले आणि एकदम ओरडले, "हाच तो! माझी पुस्तकं यानंच नेली!"

"अहो, भावजी आहेत ते," वहिनी म्हणाल्या.

"चोर आहे चोर! खलाशांचं पुस्तक कुठंय?"

ते पुस्तक दातवाल्यांचं स्वतःचं, पोटाला चिमटा काढून घेतलेलं. पुढच्या रविवारी दातवाले ते पिशवीत घालून घेऊन आले. "चुकलो. हे घ्या तुमचं."

घड्याळजींनी पुस्तक छातीशी धरलं. त्या दिवशी घरात शांतता होती. पण पुढच्या खेपेला गवंड्यांचं हवं झालं, मग विणकरांचं. सुट्टीवर आलेला घड्याळजींचा मुलगा तर जिन्यात म्हणाला, "काका, बाबा उगाच कशाला बोलतील?" पुढच्या रविवारी दातवाल्यांनी आणखी एक पुस्तक आणलं. एकेक करत त्यांचं कपाट रिकामं झालं.

घड्याळजींनी अंथरूण धरलं होतं, तेव्हा एकदा दातवाले हात हलवत आले.

"काय आणलंस?" घड्याळजींनी विचारलं.

"आता काही उरलं नाही."

"मग आलास कशाला?"

दातवाले खुर्ची ओढून उशाशी बसून राहिले.

थंडी सरता सरता घड्याळजी गेले. पाहुणे पांगल्यावर वहिनींनी कपाट उघडलं. "भावजी, तुमची ओळखून घेऊन जा."

"आता कुठली कुणाची, ते सांगता येत नाही."

"खोटं बोलू नका. अंधारात नुसत्या वासावरून ओळखाल तुम्ही."

"ओळखीन हो," दातवाले म्हणाले. "पण घरी नेऊन करू काय? चुकीचं साल सांगितलं की अंगावर येणारा माणूसच गेला."

वहिनींनी कपाट लावून घेतलं.

दातवाले दुकानात आले तेव्हा एक म्हातारी कवळीसाठी ताटकळत बसली होती. त्यांनी साचा हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"आजी, उद्या या," ते म्हणाले. "आज नाही जमायचं."