करड्या कार्डावरची शेवटची मॅच

शकीलशी मी वीस वर्षं खोटं बोललो.

तो गेल्याला आज चाळीस दिवस झाले, त्याचा चाळीसवा होता. दिग्रसला जाऊन आलो. अंग मोडून आलंय, पण हे एकदाचं लिहून टाकतो.

खाली कुणी आरआयपी लिहू नका, प्लीज.

शकील माझा शाळेपासूनचा दोस्त. बसस्टँडमागे त्याच्या अब्बूंचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान. पुढे तेच त्यानं चालवलं.

दहावीत होतो तेव्हा कुणीतरी एक व्हिडिओ गेमची मशीन तिथं दुरुस्तीला टाकून गेलं आणि न्यायला आलंच नाही. अब्बूंनी वर्षभर वाट पाहिली. मग म्हणाले, "खेळो अब."

क्रिकेटची एकच सीडी होती. आणि काडेपेटीएवढं एक करडं मेमरी कार्ड. मशीन बंद केली तरी स्कोअर त्यात राहायचा. आमच्यासाठी तो चमत्कारच होता.

बारावीच्या सुट्टीत पाच मॅचची सिरीज लावली. पहिल्या दोन मी जिंकल्या आणि गल्लीभर सांगत फिरलो.

पुढच्या दोन त्यानं जिंकल्या. गल्लीत सांगत फिरला नाही. नुसता हसायचा.

दोन-दोन.

पाचवी मॅच रविवारी ठरली, कारण सोमवारी मी पुण्याला कॉलेजला निघणार होतो.

त्याच आठवड्यात बाबांनी अमरावतीहून मला नवीन मशीन आणली. पुढच्या पिढीची. तिच्यात जुनी सीडी चालायची, आणि ते करडं कार्डही बसायचं. शकीलनं कार्ड आत सरकवून पाहिलं आणि केवढा खूश झाला.

"पाह्य बे पश्या, नव्यानं जुन्याले घरात घेतलं."

कार्ड माझ्याकडे ठेवून गेला. जाताना दारातून परत वळला.

"पण त्या कार्डाले हात नको लावजो. आहे तसं राहू दे."

मी लावला.

नव्या मशीनबरोबर काळं कार्ड आलं होतं, कितीतरी जास्त मावेल असं. मला वाटलं, सिरीज त्या जुनाट करड्या कार्डात कशाला ठेवायची? काळ्यावर कॉपी केली आणि करडं पुसून साफ केलं.

मग सीडी लावली, तर गेमला सिरीज सापडेचना. पुन्हा लावली. चार वेळा लावली.

रविवारी शकील समोसे घेऊन आला.

मी म्हणालो, "लाइट गेली बे मधातच. कार्ड उडालं."

आमच्याकडे लाइटवर काहीही ढकलता येतं. रोज जायचीच ती, कुणी उलटून विचारत नाही.

त्यानं रिकामं करडं कार्ड हातात घेतलं. शर्टाच्या खिशात टाकलं.

"जाऊ दे," म्हणाला. "समोसे थंडे होऊन राह्यले."

पुढच्या वर्षी ती नवी मशीन मी काळ्या कार्डासकट नेर गावच्या एकाला विकून टाकली.

बऱ्याच वर्षांनी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सहज वाचण्यात आलं. जुना गेम फक्त जुन्या कार्डावरूनच वाचतो. नव्या कार्डावर त्याची फाइल नुसती ठेवता येते. खेळायचं असेल तर ती परत जुन्यावर कॉपी करायची.

म्हणजे काहीच उडालं नव्हतं. त्या रविवारी फाइल तिथंच होती, काळ्या कार्डात. परत फिरवायला दोन मिनिटं लागली असती.

तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं. नाही केला. म्हटलं, तो विसरला असेल. खरं तर लाज वाटत होती.

दर दिवाळीला दुकानात जायचो. अर्धा तास. त्यातही मी फोनमध्येच.

"थकेल दिसतं बे."

"हो यार."

"जाय मंग, झोप."

शेवटची काही वर्षं आमचं बोलणं एवढंच.

मागच्या महिन्यात दुकानातच त्याच्या छातीत कळ आली. यवतमाळला नेईपर्यंत खेळ आटोपला. मी मातीलाही पोचलो नाही. गाडीतच होतो.

आज फातिहा झाली, जेवणं झाली. लोक पांगल्यावर त्याच्या बायकोनं, शबाना भाभींनी आतून एक खोकं आणून माझ्यापुढे ठेवलं.

"हे तुमच्यासाठी ठेवलं होतं त्यायनं."

आत मी नेरवाल्याला विकलेली मशीन होती. काळं कार्ड. करडं कार्ड. क्रिकेटची सीडी. दोन कंट्रोलर, वायर नीट गुंडाळून रबर लावलेले.

"आमचं लगन झालं त्याच साली नेरचा एक माणूस दुरुस्तीले घेऊन आला होता हे," भाभी म्हणाल्या. "यायनं कार्ड लावून पाह्यलं अन् विकतच घेऊन टाकली. दोन दिवस हसतच होते. म्हणे, पश्या आला का लावू."

मी वायरचं रबर सोडवायला लागलो.

"दर दिवाळीले खोकं काढून पुसून ठेवत. तुम्ही येऊन गेले का मी विचारो, काहून नाही लावली? तर म्हणत, थकून येते तो, पुढच्या वेळेस."

भाभींसोबत दुकानात गेलो, तिथल्या जुन्या टीव्हीला मशीन जोडली. सीडी लावली, करडं कार्ड घातलं.

सिरीज आली. दोन-दोन. पाचवी मॅच बाकी. त्यानं फाइल परत करड्यावर आणून ठेवली होती आणि एक बॉलही पुढे खेळला नव्हता.

लाइट गेल्यानं फाइल या कार्डातून त्या कार्डात जात नाही. हे मला कळायला कितीतरी वर्षं लागली. दुरुस्तीवाल्या शकीलला कार्ड लावल्या लावल्या कळलं असणार. मी काय केलं तेही, आणि मी खोटं बोललो तेही.

एकदाही बोलला नाही मला. नुसती माझ्या थकव्याची काळजी करत बसला.

भाभींनी विचारलं, "खेळता का भाऊ?"

नाही म्हटलं. दुसरा कंट्रोलर कोणाच्या हातात देऊ?

मशीन बंद केली. कार्ड आत तसंच ठेवलं. या वेळी हात लावला नाही.

शकील, तुला माहीत होतं, तरी आज माझ्या तोंडून ऐक.

लाइट गेली नव्हती रे. मीच पुसलं होतं.

झोप आता दोस्ता. खूप वाट पाहिलीस.